घोंगडीचे मोल

(बारामती येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



येत्या सुट्टीत आपला अभ्यासगट सह्याद्रीच्या परिसरातील कारागिरांच्या कार्यशाळा व कलादालने पाहावयास निघणार आहे. जरूर जावे. मात्र कलावस्तूचे अर्थकारण समजून घ्यावयाचे असेल, तर या प्रवासाचा आरंभ बारामती-इंदापूरच्या माळरानावरून करावा, अशी माझी सूचना आहे.

आपल्या भागातील कित्येक धनगर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणातील भातखाचरांत मेंढ्या बसवितात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या वाटचालीत त्यांच्या खांद्यावर घोंगडी असते. पावसात तिची खोळ होते, रात्री अंथरूण होते, देवकार्यात आसन होते. दख्खनी मेंढीची राठ, काळी लोकर कातरून पिंजायची, स्त्रियांनी चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सणगराने खड्डामागावर विणायचे, अशी ही श्रमांची साखळी आहे. तिची एक कडी निखळली की उरलेल्या आपोआप निखळतात.

आज नेमके तेच होत आहे. लोकर विकून येणाऱ्या पैशांपेक्षा ती कातरण्याची मजुरी अनेकदा अधिक पडते. म्हणून मेंढपाळ लोकर टाकून देतो. मटणाला भाव आहे, तेव्हा तो कळपात माडग्याळी नर सोडतो. त्या जातीच्या अंगावर लोकर तुरळक. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे गावोगावच्या बाजारात येऊन पोचली आहेत. मेंढपाळ अडाणी आहे म्हणून हे घडत नाही. तो चोख हिशेबी आहे म्हणूनच घडते.

या हिशेबात चराईचे दुखणेही धरले पाहिजे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि माळाचा ऊस झाला. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूरचा भीमाकाठ पाण्याखाली गेला. पाण्याने या तालुक्यांत संपत्ती आणली, हे कोण नाकारील? परंतु ज्याच्या मेंढरांचे कुरण गेले, त्याच्या नावावर बहुधा सातबारा नव्हता. त्यामुळे भरपाईच्या कागदांत त्याची नोंदही नाही.

आता कलादालनांकडे वळू. वारली चित्रे मूळची लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखली जात. १९७० नंतरच्या दशकात ती कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही त्या आकृत्या आज साडीपासून कपबशीपर्यंत कोणीही छापतो आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यावर त्यातला पैसा पोचत नाही. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. कारागिराच्या हाती सौदा करण्याचे बळ त्याने आपोआप येत नाही.

याउलट कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने आपल्या गोठ्याचेच कलादालन केले. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तेथे नुसत्या टांगलेल्या नाहीत. घरची माणसे त्यांचे खेळ करून दाखवितात. २०२१ साली गंगावणे यांनाही पद्मश्री मिळाली. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. तेथे जागा, कला आणि गल्ला हे तिन्ही कलावंताच्याच ताब्यात आहेत. समाजवादी विचारात उत्पादनसाधनांच्या मालकीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर त्या गोठ्यात सापडते.

मग आपण काय करावे? ज्या तालुक्यांनी उसासाठी सहकारी कारखाने उभारले, त्यांना कातणाऱ्या स्त्रिया व विणकर यांची एक सहकारी संस्था जड जाऊ नये. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाने लोकरीची हमीभावाने खरेदी करावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि प्रत्येक ग्रामसभेत उरल्यासुरल्या गायरानाचा हिशेब मागितला पाहिजे. मेंढीला चरायला जागा नसेल, तर मागावर चढवायला सूत येणार कोठून?

सहलीत आपण खरेदीही कराल. त्या वेळी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : या किमतीपैकी विणणाऱ्याच्या हाती किती पडले? उत्तर मिळाले तर वहीत टिपून घ्या. न मिळाले तर विणकराचे घर शोधत जा आणि घोंगडी तेथूनच आणा.