मागची सीट रिकामी का?



पेट्रोलच्या भावावर बोलायचा पहिला मान खरं तर परभणीकरांचाच. राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलची बातमी आली की त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव हमखास असतं. २०२१ साली मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी गाठली ती मे महिन्याच्या अखेरीस. आपण ती त्याच्या आधीच ओलांडून बसलो होतो. याचं एक कारण अगदी साधं आहे. आपल्याकडचे टँकर भरून येतात ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून. ते भाडं शेवटी आपल्याच लिटरवर चढतं. वर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहेच. जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला ठरतो, त्यामुळे ‘रात्री बारानंतर वाढणार’ असं ऐकून टाकी फुल्ल करायला पळण्याची जुनी धांदलही संपली.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. आज तेही परवडायचं नाही. कडब्याची पेंढी काय भावाने मिळते ते मोंढ्यात विचारून बघा!

तेव्हा भाव बाजूला ठेवू आणि गाडीकडे वळू. गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ घेतल्यावर मात्र ते अ‍ॅव्हरेज आपणच खाली आणतो. याची सुरुवात टायरपासून होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की बरेच जण टायरमधली हवा मुद्दाम कमी करतात. उन्हात टायर फुटू नये म्हणून. होतं नेमकं उलटं. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, त्याने तो अधिक तापतो, आणि असा तापलेलाच टायर फुटतो. शिवाय इंजिनाला ती गाडी ओढायला जास्त जोर लागतो, तो जोर पेट्रोलमधून येतो. अंगठ्याने टायर दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कंपनीने सांगितलेला हवेचा आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच दिलेला असतो. हवा तपासायची सकाळी, टायर थंड असताना. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

दुसरी समजूत उताराची. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, काही बहाद्दर तर चावीच बंद करतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यातून थेंबभर वाचत असेलही. पण एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बीएस-सहा दुचाक्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण सोडली की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तेवढा वेळ पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केली तर इंजिनाला स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचवायला जातो आणि जाळून येतो. वर गिअरचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर. कारमध्ये इंजिन बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. पन्नास पैशांसाठी एवढा जीव धोक्यात घालायचा?

इंजिन बंद करायचंच असेल तर रेल्वे फाटकावर करा. फाटक पडलेलं असतं, गाडीचा अजून पत्ता नसतो, आणि पन्नास मोटारसायकली धडधडत उभ्या. का, तर फाटक उघडल्यावर आपण मागे पडू! अहो, बटण दाबलं की गाडी सुरू होते, किक मारायचे दिवस गेले.

वेगाचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी ऐकत नाही. इंधन बचतीचं काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी पंचेचाळीस ते पंचावन्नचा वेग सांगत आली आहे. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट. हाफ क्लचवर गाडी रेटणं, ब्रेकच्या पायडलवर पाय टेकवून चालवणं, एअर फिल्टर महिनोन्‌महिने न झटकणं, हेही त्यातलंच.

आता हिशेब मांडू. समजा, एखादा माणूस रोज येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर कामाला जातो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हजार किलोमीटर. गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे वीस लिटर. वर सांगितलेलं सगळं काटेकोर पाळलं आणि दहा टक्के वाचले असं धरलं, तर दोन लिटर. वाईट नाही. पण त्याच रस्त्याने त्याच वेळेला दुसरा माणूस एकटाच दुसऱ्या गाडीवर चाललेला असतो, आणि त्याचेही वीस लिटर जळतात. दोघे एका गाडीवर बसले, एक आठवडा याची, एक आठवडा त्याची, तर प्रत्येकाचे जवळजवळ दहा लिटर वाचतात. सगळ्या युक्त्यांना मिळून जे जमत नाही ते मागच्या रिकाम्या सीटला जमतं. दोघांनीही हेल्मेट घालायचं, आणि दोघेच बरं का, ट्रिपल सीट नाही.

नांदेडला रोज जाणाऱ्यांनी तर रेल्वेचा महिन्याचा पास आणि पेट्रोलचा खर्च एका कागदावर शेजारी लिहून बघावा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. बस वेळेवर येत नाही ही तक्रार खरी आहे, ती आगारात जाऊन जरूर करा. पण बस वेळेवर आलेली असतानाही आपण गाडी काढतो, हेही तितकंच खरं.

तेव्हा उद्या सकाळी कृषी विद्यापीठाकडे, एमआयडीसीकडे, गंगाखेड नाहीतर जिंतूरच्या रस्त्याला निघालात की गाडी सुरू करण्याआधी गल्लीत एकदा विचारा, ‘येतंय का कोणी त्या बाजूला?’