घरगुती डीव्हीडी आणि सीमाभागातील बोली
(भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि भालकी, हुमनाबाद ही सारी गावे एकाच बीदर जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेने जिल्ह्याचे विभाजन झाले. सोयरिकी मात्र राहिल्या आणि कानडीचा हेल व दखनी उर्दूचे शब्द सामावून घेणारी बोलीही राहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या बाजूसही हीच स्थिती आहे. ही बोली ग्रंथांत फारच थोडी उतरली आहे. ती ऐकावयाची तर घरोघरच्या लग्नकार्यांची, भजनांची व जत्रांची चित्रणे काढून पाहावीत. गेल्या काही दशकांतील अशी पुष्कळ चित्रणे डीव्हीडीच्या तबकडीवर आहेत आणि त्यांत बोलणारी कित्येक वडीलधारी माणसे आज हयात नाहीत.

या तबकड्यांचा भरवसा धरता येत नाही. चित्रपटाची विकत मिळणारी तबकडी कारखान्यात ठशाने तयार होते. दुकानात भरून दिलेल्या तबकडीत मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर किरणाने त्यावर नोंद होते. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी हा थर खराब होतो. शिवाय नव्या संगणकांत तबकडीचा कप्पाच बहुधा नसतो; तो बाहेरून जोडावा लागतो.

यास्तव चित्रण संगणकात उतरवून घेणे आवश्यक ठरते. या कामी लिनक्स ही प्रणाली सोयीची आहे. ती विनामूल्य मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि लागणारी साधनेही तिच्यावर विनामूल्य उपलब्ध आहेत. तबकडी ओरखडलेली असल्यास ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वाचता येणारा भाग प्रथम उचलते व अडलेल्या जागी पुनःपुन्हा प्रयत्न करते. घाईने केलेली साधी नक्कल अशा ठिकाणी अर्ध्यावरच थांबते.

उतरविलेल्या तबकडीत ‘व्हीओबी’ नावाच्या फाइली आढळतात. प्रत्येक फाइल सुमारे एक गिगाबाइटच्या मर्यादेत ठेवण्याचा दंडक असल्याने सलग चित्रणाचे तुकडे पडलेले असतात. आहेर पुकारणाऱ्याचे वाक्य एका फाइलीत सुरू होऊन दुसरीत संपावे, असे सहज घडते. म्हणून तुकड्यांचे वेगवेगळे रूपांतर न करता ते क्रमाने जोडून घ्यावेत.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ‘एफएफएमपेग’ या साधनाने मूळ चित्र व ध्वनी यांना हात न लावता केवळ त्यांचे वेष्टन बदलता येते. यात गुणवत्तेची हानी होत नाही. मोबाईलवर पाहण्यासाठी ‘हँडब्रेक’ने लहान एमपी४ फाइल करणे ही निराळी क्रिया होय. तीत डीव्हीडीचे ‘एमपेग-२’ पद्धतीचे चित्र ‘एच.२६४’ पद्धतीत नव्याने बांधले जाते आणि काही तपशील कायमचा गळतो. लहान फाइल अवश्य करावी. परंतु ती झाली म्हणून मूळ उतरविलेली प्रत पुसून टाकणे हे सर्रास घडणारे व न भरून येणारे नुकसान आहे. साध्या तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा दोनशेहून अधिक तबकड्या बसतात. जागेची सबब येथे टिकत नाही.

लहान फाइल करताना चित्राची मोजमापे बदलू नयेत. आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. ते फुगवून तपशील वाढत नाही. हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्यास ‘डीइंटरलेस’चा पर्याय निवडावा. ध्वनी शक्यतो मूळचाच ठेवावा. बोलीच्या दृष्टीने चित्रापेक्षा तोच मोलाचा आहे, आणि मंगलाष्टकांच्या गलबल्यात दबलेला म्हातारीचा आवाज आणखी दाबला गेल्यास शब्द हाती लागत नाहीत.

विकतच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुधा कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यान्वये शिक्षेस पात्र आहे. घरच्या चित्रणांना ही अडचण सहसा येत नाही. तरी ती इतरांस देण्यापूर्वी त्यांत दिसणाऱ्या कुटुंबांस विचारणे हे सौजन्याचे होईल.

फाइलीचे नाव मराठीत देता येते. लिनक्सला देवनागरीचे वावडे नाही. वर्ष, गाव, प्रसंग असा क्रम ठेवल्यास शोध सुलभ होतो. तयार प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहावी. पाहताना घरातील जाणत्या माणसास शेजारी बसवावे आणि कोण बोलत आहे, कोणत्या गावची आहे, कोणते गाणे म्हणते आहे, हे त्याच्याकडून विचारून त्याच नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवावे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून नात्यातल्या दुसऱ्या घरी ठेवावी. भालकीची उदगीरला व उदगीरची भालकीला ठेवण्यास हरकत नाही.