झारेकऱ्याची परात

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात मी जे बोललो, ते स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून देत आहे. बोललो तसंच ठेवलं आहे, फार सुधारलेलं नाही.)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीताई, कमिटीचे सगळे सभासद, ज्येष्ठ मंडळी, आणि दूध कधी मिळणार म्हणून माझ्याकडे रागाने बघणारी बाळगोपाळ मंडळी,

मला ताईंनी सांगितलं, 'काका, दहा मिनिटं बोला, काहीतरी रंजक बोला.' मी विषय निवडला आहे सोनं शोधण्याचा. म्हणजे दुकानात जाऊन घेण्याचा नाही, जमिनीतून शोधून काढण्याचा.

सुरुवात माझ्या पुतण्यापासून करतो. तो पर्थला असतो. सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर गाडी काढून कालगुर्लीकडच्या वाळवंटात जातो. तिथे १८९३ साली पॅडी हॅनन नावाच्या आयरिश माणसाला सोनं सापडलं आणि ओसाड माळावर गाव वसलं. आजही तिथे 'मायनर्स राइट' नावाचा परवाना काढून, हातात मेटल डिटेक्टर घेऊन हौशी लोक फिरतात. यंत्राच्या चकतीतून जमिनीत चुंबकीय लहरी सोडतात. खाली धातू असला की त्यात वीज खेळते आणि कानातल्या हेडफोनमध्ये सूर बदलतो. १९८० साली व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर गावाजवळ एका माणसाला असा सूर ऐकू आला, आणि त्याने खणून २७ किलोचा सोन्याचा गोळा वर काढला! 'हँड ऑफ फेथ' म्हणतात त्याला. माझ्या पुतण्याला मात्र पहिल्या दिवशी अकरा खिळे, काडतुसाची दोन टोपणं आणि एक सार्डिनचा डबा सापडला. त्याने व्हिडिओ कॉलवर ते सगळं दाखवलं आणि म्हणाला, 'काका, आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच कोणीतरी करतंय.'

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागली नाही. कारण पहिल्यांदा नव्हतं ते.

मंडळी, या सोसायटीत पंचवीस वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की माझे वडील सोन्याच्या धंद्यात होते. ते खोटं नाही. त्यामुळेच तुमच्यापैकी काही जण पाडव्याला सोनं घेताना मला विचारतात, 'काका, आज घेऊ की थांबू?' मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या लिहिल्या. मला सोन्यातलं तेवढंच कळतं जेवढं तुम्हाला. पण मी कधी 'थांबा' म्हणतो, कधी 'घ्या' म्हणतो. आज खरं काय ते सांगतो.

आम्ही गिरगावात ठाकूरद्वारला एका चाळीत राहायचो. वडील झवेरी बाजारामागच्या गल्लीत एका कारखान्यात मजुरीवर काम करायचे. पाटल्या, बिल्वर, तोडे. हात चांगला होता. १० जानेवारी १९६३ ला मोरारजीभाईंचा सुवर्ण नियंत्रण हुकूम आला. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची चोरटी आयात थांबवायची, असा तो हेतू. नियम असा की चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे चोवीसातले चौदा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. कठीण होतं, रंग वेगळा दिसतो. आपल्याकडे लग्नात असा दागिना कोण घालणार? गिऱ्हाईक फिरकेना. देशभर हजारो सोनार बसले, काहींनी जीव दिला. वडिलांचा कारखाना फेब्रुवारीतच बंद पडला. पुढे काही वर्षांनी चौदा कॅरेटची अट उठली, आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तर १९९० पर्यंत होता. पण पोटाला काही वर्षं थांबता येत नाही.

चार महिने घरात काही आलं नाही. मग ओळखीतल्या एका झारेकऱ्याने वडिलांना बरोबर घेतलं.

झारेकरी म्हणजे काय ते इथल्या तरुणांना माहीत नसेल. सोनाराच्या दुकानातला केर, राख, माती विकत घ्यायची किंवा गोळा करायची आणि ती धुऊन सोनं काढायचं, तो झारेकरी. हिंदीत न्यारिया म्हणतात. नदीची वाळू धुऊन सोनं काढणारा सोनझारी समाज पूर्वीच्या मध्य प्रांतात होता. झारेकऱ्याची नदी म्हणजे झवेरी बाजार. कानस लावताना, पॉलिश करताना, तार ओढताना सोन्याचे कण उडतात. कारागिराला सोनं तोलून देतात आणि दागिना तोलून घेतात, मधली जी तूट पडते ती घट. ती घट काही हवेत विरत नाही. बसायच्या चटईत असते, कारागिराच्या बनियनमध्ये असते, हात धुतलेल्या पाण्यात असते, चपलेच्या तळव्याला चिकटून रस्त्यावर जाते. म्हणून मोठे कारखाने हात धुण्याचं पाणीसुद्धा टाकीत साठवतात आणि जुनी सतरंजी जाळून तिची राख विकतात. जे सुटतं ते गल्लीत, आणि गल्लीतून गटारात.

वडील पहाटे चारला उठायचे. कुंचा, पत्र्याची सुपली आणि गोणपाट घेऊन काळबादेवीवरून चालत जायचे. बाजार उघडायच्या आत फरशांच्या फटी कुंच्याने कोरून काढायच्या, गटाराचा गाळ उपसायचा. आई शेजारी सांगायची, 'हे पेढीवर गेलेत.' मी शाळेत सांगायचो, 'वडील सोनार आहेत.'

मे महिन्याच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. अकरा वर्षांचा होतो. तेव्हा मी परात पहिल्यांदा पाहिली. पसरट, कडा थोड्या वळलेल्या. आधी केर जाळून घ्यायचा, राख कुटून चाळायची. मग मूठ-दोन मूठ परातीत घ्यायची, पाणी घालायचं आणि परात अशी गोल गोल हलवायची. वाळू पाण्याच्या अडीचपट जड असते, सोनं एकोणीसपट. वाळू कडेवरून वाहून जाते, सोनं तळाला बसतं. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने उचलायचा. चुंबक सोन्याला हात लावत नाही. शेवटी परातीच्या तळाशी केसाएवढी पिवळी रेघ राहते.

पुतण्याचं यंत्र इथे चाललं नसतं. झवेरी बाजारात पावलोपावली लोखंड, कानात नुसता कल्लोळ झाला असता. आणि जे सोनं आम्ही शोधत होतो ते इतकं बारीक की यंत्राला ऐकूच आलं नसतं. ते पाण्यालाच कळतं.

रेघ मिळाली तरी काम संपत नाही. त्यात पारा घालून मळायचं. पारा सोन्याला गिळतो, मातीला सोडतो. फडक्यातून पिळला की जास्तीचा पारा बाहेर येतो, आत मऊ गोळा राहतो. तो तापवला की पारा वाफ होऊन उडतो. मग नायट्रिक ॲसिड. त्यात चांदी आणि तांबं विरघळतं, पिवळसर तपकिरी धूर निघतो. त्याच ॲसिडमध्ये नंतर तांब्याची पट्टी टाकली की चांदीही परत खाली बसते. राहिलेलं सोनं टाकणखार घालून मुशीत वितळवायचं. चांगला आठवडा असला तर मासाभर निघायचं. मासा म्हणजे आजचा जेमतेम एक ग्रॅम. नाहीतर चार गुंजा. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला शंभर रुपयांच्या आसपास होतं. हिशेब तुम्हीच करा.

पारा उडवायचं काम वडील चाळीच्या गच्चीवर करायचे, नाकाला ओला पंचा बांधून. शेवटच्या वर्षांत त्यांचा हात थरथरायचा, बशीतला चहा सांडायचा. ज्या हाताने बिल्वरांवर नक्षी काढली तो हात. तेव्हा पाऱ्याची वाफ किती विषारी असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून मुलांना सांगतो, घरात थर्मामीटर फुटला तर पाऱ्याच्या गोळ्यांशी खेळू नका.

वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि ब्रिटनहून आलेल्या सोन्याच्या विटा. किंमत जवळजवळ नऊ लाख पौंड. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याच्या विटा आकाशात उडाल्या. मैलभरावर राहणाऱ्या मोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावर अठ्ठावीस पौंडांची एक वीट येऊन आदळली. त्यांनी ती सरकारला परत केली, ९९९ रुपये बक्षीस मिळालं. गोदीतला गाळ काढताना पुढे १९७० च्या दशकापर्यंत विटा सापडत होत्या. वडील तेव्हा बावीस वर्षांचे होते, गोदीवरचा धूर त्यांनी पाहिला होता. ते म्हणायचे, 'आकाशातून पडलेलं सोनं परत द्यावं लागतं. गटारातलं कुणी मागायला येत नाही, म्हणून ते आपलं.'

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे.

गेल्या संक्रांतीला आपल्या हॉलमध्ये हळदीकुंकू झालं. एका वहिनींची मोत्याची कुडी हरवली. जुनी होती, आजेसासूबाईंची. नाव घेत नाही, त्या इथे बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय. हॉल झाडून घेणाऱ्या बाईंवर संशय गेला. लिफ्टसमोर त्यांची पिशवी उलटी केली, कमरेची चंची उघडायला लावली. सात-आठ जण उभे होते. मीही होतो. झारेकऱ्याचा मुलगा, ज्याच्या बापाला पहाटे काळबादेवीवर दोनदा हवालदाराने अडवून गोणपाट उलटं करायला लावलं होतं, तो मी गप्प उभा राहिलो. मला वाटलं, आपण कशाला मध्ये पडा.

दुसऱ्या दिवशी बाई कामाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. प्लंबरकडून बेसिनखालचा ट्रॅप उघडून घेतला, काही नाही. मग पंपरूममागे हॉलचा केर भरलेली दोन पोती पडलेली दिसली. रांगोळी, हळदकुंकू, तिळगूळ, फुलं. वॉचमनकडून दोन बादल्या पाणी घेतलं आणि घरातली कणकेची परात आणली. साठ वर्षांनी परात हलवली. हाताला आठवत होतं. तिसऱ्या परातीला रांगोळीखालून कुडी वर आली, तीन मोती शाबूत.

म्हणजे बाईंनीच ती झाडूने केरात ओढली होती, त्यांच्या नकळत. घ्यायची असती तर पोत्यात कशाला गेली असती?

वहिनी आणि मी भोईवाड्याला त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, 'काका, राग नाही. पण त्या लिफ्टसमोर मी परत उभी राहणार नाही.' त्या परत आल्या नाहीत. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या अहवालात टाकीची दुरुस्ती आहे, रंगकाम आहे, गणपतीचा हिशेब आहे. हे कुठेच नाही. म्हणून मी आज सांगितलं, आणि ताईंना विनंती केली की स्मरणिकेतही छापा.

कमिटीला माझी एकच सूचना आहे. कुणाचं काही हरवलं तर आधी केर धुवायचा, ट्रॅप उघडायचा, सोफ्याच्या फटीत हात घालायचा. माणसाची पिशवी उलटी करायची नाही, कधीच नाही. हे बोर्डावर लिहून लावावं.

मी नवी परात घेतली आहे, पंपरूममध्ये ठेवली आहे. लागली तर मला हाक मारा, चौथा मजला. रात्री उशिरा मारलीत तरी चालेल, मला तशीही पहाटे चारला जाग येते.

दूध आलं वाटतं. मुलांनो, रांगेत या. नमस्कार.