मधूनच मंदावणारा संगणक



उन्हाळा तापला की आपल्या गोंदियात संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. "सकाळी गेम मक्खन चालतो. दुपारी अर्ध्या तासात अडकायला लागतो. आणि इथं आणला की पुन्हा चांगला!" संच पाच-सात वर्षं जुना. आईवडिलांनी अभ्यासासाठी घेऊन दिलेला आणि मुलानं पैसे साठवून त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. त्यावर उपायही ठरलेले: आधी फॉरमॅट मारायचं, नाही जमलं तर रॅम वाढवायची, तरी नाही तर कार्ड बदलायचं. या क्रमाचं मला मनापासून वाईट वाटतं. घरचा पैसा जातो आणि दोष असतो तिथंच राहतो.

सालेकसा, देवरीकडच्या लोकांना पाळीचा ताप सांगायला नको. ताप उतरलेला असताना माणूस धडधाकट दिसतो. ताप चढलेला असतानाच रक्ताचा नमुना घेतला तर निदान सोपं जातं. मधूनच मंदावणाऱ्या संगणकाची तपासणीही तो मंदावलेला असतानाच करायला हवी, आणि ती दुकानात नव्हे, घरी होते. एचडब्ल्यूइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो मागं चालू ठेवा, नोंदी फाइलमध्ये साठवायला सांगा आणि नेहमीसारखं खेळा. खेळ अडकला की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. मग त्या मिनिटाला प्रोसेसरचं तापमान किती होतं, त्याचा वेग किती होता आणि डिस्क किती टक्के गुंतली होती, हे फाइलमध्ये पाहा.

तापमान शंभरीला टेकलेलं आणि त्याच क्षणी वेग घसरलेला दिसला, तर उत्तर मिळालं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथं पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, जरा निवला की वाढवतो, पुन्हा तापतो. खेळ अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, तो यामुळं. आता हिशेब बघा. पंखा तोच आणि काम तेवढंच असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच जास्त तापतो. डिसेंबरात खोली 18 अंशांवर असताना तो 75 वर राहत असेल, तर नवतप्यात 40 अंशांच्या खोलीत तो 97 वर जाणार. संचात काहीही बिघडलेलं नसताना!

त्यात आपल्याकडची धूळ. राइस मिलच्या आसपासच्या वस्तीत धानाचा बारीक कोंडा घरभर बसतो. कूलरच्या ओलसर हवेत तो प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकटून थर धरतो आणि मग पंखा कितीही फिरला तरी हवा आरपार जात नाही. संच बंद करून, वायर काढून, अंगणात ब्लोअरनं साफ करा. पण पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्टही काही वर्षांनी सुकते. ती पुसून नवी लावायला फार खर्च येत नाही.

"आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं, म्हणून संगणक हळू चालतो," असंही बरेच जण सांगतात. इथं थोडं थांबून विचार करू. पंपांचा भार वाढला की गावात दिवे मंद होतात, हे खरं. पण एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीज पुरवणारा डबा, आतल्या भागांना ठरलेलं 12 व्होल्ट पुरवत राहतो; नाहीच जमलं तर संच बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, हळू होत नाही. मात्र खोलीतल्या कूलरची मोटर कमी व्होल्टेजवर खरोखर मंद फिरते. मग खोली तापते, खोलीमुळं प्रोसेसर तापतो आणि खेळ अडकतो. म्हणजे लोकांचं निरीक्षण बरोबरच आहे, वाट तेवढी वेगळी आहे.

तापमान ठीक असूनही डिस्क 100 टक्के दिसत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कवर संशय घ्या. एखादा भाग वाचता येईना की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं थिजतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम अशा डिस्कपुढं पिवळा किंवा लाल इशारा दाखवतो. तो दिसला तर बाकी सगळं सोडा. आधी घरचे फोटो, सातबाऱ्याची, शाळेची कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

काही दोष तर मुळातच घडणीचे असतात. 2014 साली आलेल्या जीटीएक्स 970 या कार्डात 4 जीबी मेमरी होती, पण शेवटची अर्धी जीबी बरीच संथ. खेळानं साडेतीन जीबी ओलांडली की झटके बसू शकत. आजही ते कार्ड कुणाकडे असेल, तर टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणून बघावं. आणि चित्र सुरळीत हलतंय, पण खेळाडूच मागं फेकला जातोय, असं असेल तर संगणकाला हात लावू नका. दोष इंटरनेटच्या जोडणीत शोधा.

एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर चाचणी घ्या. दुपारी दोनला अडकणारा संच संध्याकाळी साफ केला, रात्री नऊला चालवून पाहिला आणि छान चालला, तर त्यातून काहीच कळलं नाही. रात्री तो आधीही छानच चालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनलाच, त्याच खोलीत, तोच गेम लावा आणि नोंदी पुन्हा बघा.