दादा केळुसकरांनी दिलेलं पुस्तक

शिक्षक म्हटलं की आपल्याला आपल्याच वर्गावर येणारे गुरुजी आठवतात. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्याच शाळेतल्या मुलाला जीव लावणाऱ्या शिक्षकाविषयी. कृष्णराव अर्जुन ऊर्फ दादा केळुसकर विल्सन हायस्कुलात शिकवीत. मुलगा होता एल्फिन्स्टन हायस्कूलचा, भीमराव आंबेडकर.

परळच्या चाळीतल्या खोलीत अभ्यासाला निवांत कोपरा कुठला मिळणार? शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. केळुसकरही तिथं येत. एवढ्या तन्मयतेनं वाचणारा हा मुलगा कोण, म्हणून त्यांनी आपणहून चौकशी केली. याच मुलाला अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारलं गेलं होतं आणि फारसी घ्यावी लागली होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या चौकशीचं मोल कळतं.

पुढे भीमराव एक परीक्षा पास झाला, तेव्हा वस्तीतल्या मंडळींनी सत्काराचा घाट घातला. वडील रामजी सुभेदार राजी होईनात. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची धास्ती. केळुसकरांनी मित्राच्या नात्यानं त्यांची समजूत घातली, सभेचं अध्यक्षपदही स्वीकारलं आणि भाषण संपवताना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिलं.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. पुस्तक वाचून मुलगा थेट वडिलांनाच विचारू लागला: शूद्रांची अवहेलना सांगणारं रामायण-महाभारत आम्हाला वाचायला लावता, मग बुद्ध का नाही सांगितलात? केळुसकरांनी त्याला प्रश्न विचारण्याचं बळ दिलं.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून त्यांनी भीमरावाला दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. 1912 मध्ये तो बी.ए. झाला, 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात याच भीमरावानं, म्हणजे बाबासाहेबांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो दिवस पाहायला केळुसकर नव्हते. पण त्याच वर्षी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी त्या सत्काराच्या सभेची आठवण लिहिली, आणि दादा केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाचा उल्लेख त्यांनी नावानिशी केला.