कोनाड्यातला ग्लास

ज्यांना बसमध्ये नेटवर्क मिळत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे शंभर-दोनशे 'ॲक्चुअली' काढलेत.

तर, बऱ्याच जणांनी विचारलं की रेकॉर्डिंगमध्ये मधेच 'टक्' असा आवाज येतो तो कसला? तो माझा पाण्याचा ग्लास. काचेचा, जाड बुडाचा, हिरवट. नांदेडला इतवाऱ्याच्या बाजूला एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला. माझ्याकडे असे आता पंचवीस-तीस आहेत आणि घरात सगळे रोज त्यातच पाणी पितात. शोकेसमध्ये एकही नाही.

हे खूळ लागलं 2016 ला. मी तेव्हा नांदेडला बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो, घर लातूरला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आठवतंय ना? पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. बातम्यांत गाडी दिसायची, आमच्या घरात काय झालं ते सांगतो. आईनं स्टीलचे मोठे गिलास उचलून माळ्यावर टाकले. माणूस मोठा गिलास भरून घेतो, अर्धा पितो, उरलेलं बेसिनमध्ये. मग तिनं लग्नातल्या आहेराचा सेट काढला. केशरी पट्ट्यांचे छोटे ग्लास, दीडशे मिलीचे असतील. वीस-बावीस वर्षं 'पाहुण्यांसाठी' म्हणून कपाटात होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आम्ही आमच्याच घरात पाहुणे झालो.

पुढं नोकरी लागली, हातात पैसे आले, आणि मी दिसेल तिथून जुने ग्लास उचलायला लागलो. लातूरला गंजगोलाईत, नांदेडला, पुण्यात. बुडाला 'येरा' अशी उठावाची अक्षरं दिसली की मला आनंद. तो बडोद्याचा माल. फिरोजाबादचे तर असंख्य. आपल्याकडंही काच बनायची बरं का. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना सुरू झाला 1908 ला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना 1916 चा, प्रभाकर कंदीलवाला. कंदिलाची काच मिळाली मला, ग्लास अजून नाही.

घ्यायचेच असतील तर दोन गोष्टी बघा. काठावरून बोट फिरवा, टवका निघालेला असेल तर कितीही सुंदर असू दे, सोडून द्या. आणि बाहेरून रंगीत नक्षी असेल, विशेषतः ओठ लागतात तिथपर्यंत, तर त्यात पिऊ नका. जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. हे कळल्यावर आईचे केशरी पट्टेवाले मीच बाद केले, आता त्यात पेनं आहेत. जाड ग्लासात उकळता चहा एकदम ओतायचा नाही हे मला बीटेक करूनही तीन ग्लास तडकल्यावर समजलं. आतली बाजू लगेच फुगते, बाहेरची थंडच असते, संपला विषय. आता चहा जरा निवतो, मग ओततो.

आता मुख्य गोष्ट. हा हिरवट ग्लास मी तीन वर्षं शोधत होतो. का, तर आजोळी, औसा तालुक्यात, ओसरीच्या कोनाड्यात अगदी असाच एक ग्लास असायचा. खाली उभ्या रेघा, वर साधा. घरात सगळं पितळ नाहीतर स्टील, काचेचा हा एकटाच. आम्हा लेकरांना त्याला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, फुटेल म्हणून. मी तर लोकांना सांगायचो की आमच्या आजीची सगळ्यात लाडकी वस्तू ती.

नांदेडहून तसे चार मिळाले. बसमध्ये मांडीवर धरून आणले. आईसमोर ठेवले, म्हटलं ओळख. तिनं ओळखला. पण हात लावला नाही.

"कशाला आणलास रे हे?"

मला वाटलं, लोकांची उष्टी भांडी म्हणून बोलायली. म्हटलं, गरम पाण्यात धुतलेत. ती म्हणाली, "तसं नाही. तो गिलास आपला नव्हता."

तो सालगड्याचा होता. आम्ही ज्यांना मामा म्हणायचो, ज्यांच्या खांद्यावर बसून मी बैल पाहिले, त्यांचा. त्यांनी तो स्वतः कोनाड्यातून काढायचा, आजी वरून पाणी ओतणार, पिऊन झालं की त्यांनीच धुवून पालथा ठेवायचा. आणि आम्हाला हात लावू देत नव्हते ते फुटेल म्हणून नव्हे.

शाळेत महाडच्या सत्याग्रहावर, 20 मार्च 1927, मी पैकीच्या पैकी मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे. त्या कोनाड्याशी त्याचा संबंध मी कधी लावलाच नव्हता. आईला विचारलं, तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी तेव्हा पोर होते. नंतर सासरी आले." मग थोड्या वेळानं, "इथंही कुठं बोलले."

ते 'इथंही' मला लगेच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमच्याकडं कामाला मावशी येतात, नऊ वर्षं झाली. त्यांचा चहा खिडकीतल्या एका मगात. कान तुटलेला मग, आमच्या कपांपासून लांब ठेवलेला. मी रोज बघत होतो तो. घरातला प्रत्येक ग्लास कुठल्या गावचा, किती सालचा हे मला पाठ, आणि हा मग मला दिसला नव्हता.

मग टाकून दिला. आईनंच टाकला. ते चार ग्लास आईच्या हातानं ट्रेमध्ये आले आणि चौघांना त्यातच चहा. आई, बाबा, मी, मावशी. बाबा काही बोलले नाहीत, पेपर वाचत होते, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला. मी ते बघितलं, मावशींनीही बघितलं असणार. आता पितात. सवय झाली की मत बदललं, मी विचारलेलं नाही. विचारायला पाहिजे.

मला आपलं वाटत होतं की आपण फार मोठं काम केलं. आठवड्यानं मावशींना विचारलं, कसा वाटला ग्लास? त्या म्हणाल्या, "गिलास चांगलाय दादा. पर मग मोठा होता माझा. ह्यात दोन घोटबी चहा बसंना."

तेव्हापासून मावशींचा ग्लास दोनदा भरतो. चारातला एक मागच्या महिन्यात फुटला, माझ्याच हातून. रविवारी नांदेडला चाललोय, बघतो मिळतो का.