स्टेशनावरून दिंडीपर्यंत



वारीचा महिमा सांगणारे अधिकारी लोक इथे बसले आहेत. मी फक्त स्टेशनाबद्दल बोलतो, कारण आपल्या मारेगावकरांची अडचण तिथेच आहे.

माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून. नेमकी तेव्हाच आपल्याकडे कपाशीची पेरणी. पाऊस आला तर शेत टाकून निघता येत नाही. दिंडी पुढे जाते, आणि आपण मागून एकटेदुकटे गाडीनं निघतो.

एका वर्षी पेरणी आटोपून मी मायला घेऊन निघालो. वणीहून गाडी, गाडी बदलून पुणे स्टेशन. खांद्यावरची पताका पाहून कोणीतरी आळंदीच्या बसमध्ये बसवून दिलं. आळंदीत उतरतो तर इंद्रायणीचा घाट मोकळा! पालखी आदल्या दिवशीच पुण्यात गेलेली. म्हणजे आम्ही उतरलो त्या स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर माउली होती, आणि आम्ही उलटे आलो.

परत फिरलो. गर्दीत दिंडी सापडेना. "नंबर किती?" असं विचारलं की मी म्हणायचो, "मारेगावची." लाखो माणसांत गावाच्या नावानं कोण ओळखणार? माय काही बोलली नाही. पण रात्री एका दुकानाच्या पायरीवर तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावताना मला माझीच लाज वाटली.

म्हणून सांगतो. आधी पालखी आज कुठे आहे ते विचारा, मग बस धरा. पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो: ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. पुण्याहून निघाल्यावर हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवे घाटानं सासवडला, तुकोबा लोणी काळभोरला. तिथे चुकू नका. त्याहून उशीर झाला तर पुणे-सातारा मार्गावर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही स्टेशनं पालखीच्या वाटेवरच आहेत. आणि दिंडीचा नंबर पाठ ठेवा. रथापुढे की रथामागे, तेही.

शताब्दीनिमित्त माझी एकच विनंती. पुढल्या वर्षापासून दिंडीनं एक चिठ्ठी छापावी: दिंडीचा नंबर, मुक्कामांच्या तारखा, विणेकऱ्याचा फोन. मागे राहणाऱ्या प्रत्येक घरी ती आधीच द्यावी. पुण्याच्या मुक्कामात दोघा तरुणांनी पताका घेऊन स्टेशनावर उभं राहावं.

पेरणी करून आलेला वारकरी उशिरा आला असं समजू नका. तो मातीतली सेवा करून आला. त्याला विण्यापर्यंत पोचवणं हीसुद्धा वारीच.

रामकृष्ण हरी!